देवगांवचा तह आणि मेळघाटचें रान

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे मोटार निघाली म्हणजे थोड्याच वेळांत वऱ्हाडची सपाट काळी जमीन मागें राहते आणि वळणावळणानें सागाचें रान सुरू होतें. उन्हाळ्याच्या सुटींत थंड हवेसाठीं अमरावती-अकोल्याचीं कुटुंबें या वाटेनें पिढ्यान्‌पिढ्या जात आलीं आहेत. गाविलगडाच्या पडक्या तटावर उभें राहिलें कीं दक्षिणेस कपाशीचा मुलूख दिसतो आणि उत्तरेस एकामागून एक डोंगरांच्या रांगा. मुलांना गडावरील तोफा दाखविल्या जातात, जनरल वेलस्लीचें नांव सांगितलें जातें आणि मंडळी परत फिरतात. लढाई संपल्यावर या रानाचें व रानांतल्या माणसांचें काय झालें, हें मात्र क्वचितच कोणी सांगतो. वास्तविक गडाचा वेढा मोजक्या दिवसांचा होता. त्याच्यानंतरची गोष्ट दोनशें वर्षांहून अधिक काळ चालली असून अद्याप पुरती संपलेली नाहीं.

१८०३ सालच्या २३ सप्टेंबरला असई येथें आणि २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यांतील अडगांव येथें मराठी फौजांना माघार घ्यावी लागली. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांची उरलेली भिस्त आतां गाविलगडावर होती. या गडाचा खरा तट दगडाचा नव्हता, रानाचा होता. दक्षिणेकडून चढण अशी कीं तोफा नेणें जवळजवळ अशक्य. उत्तरेकडून जमीन सोयीची, परंतु तेथवर पोहोंचण्यास वाटच नाहीं. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनें ७ डिसेंबरपासून सुमारें तीस मैलांची वाट स्वतः तोडीत, खोऱ्यांतून व कड्यांवरून अवजड तोफा ओढीत नेल्या, आणि १२ तारखेस ती गडाच्या उत्तर बाजूस जाऊन ठेपली. रानांतून वाट पडली तेव्हांच गड पडल्यासारखा होता. १३ तारखेस तोफा सुरू झाल्या, १५ तारखेस खिंडार पडून हल्ला झाला व किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां कामास आला.

त्यानंतर दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबरला, देवगांव येथें भोसल्यांशीं तह झाला. आणि ३० डिसेंबरला डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या सुर्जी-अंजनगांव येथें दौलतराव शिंद्यांशीं. हिंदुस्थानच्या राजकारणास वळण लावणारे हे दोन्ही तह वऱ्हाडच्या मातींत लिहिले गेले, ही गोष्ट वऱ्हाडांतहि फारशी कोणाच्या स्मरणांत नसते. देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं कटकचा प्रांत इंग्रजांना दिला, वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलुखावरचा हक्क सोडला व तो मुलूख इंग्रजांचे दोस्त म्हणून निजामाकडे गेला. गाविलगड व नरनाळा हे दोन किल्ले आणि त्यांच्या लगतचा चार लाखांच्या वसुलाचा टापू तेवढा भोसल्यांकडे राहिला. तहाच्या कलमांत नद्या आहेत, किल्ले आहेत, लाखांचे आंकडे आहेत. ज्या रानांतून वाट तोडून हा विजय मिळाला त्या रानांतील माणसांचें नांव त्यांत नाहीं. असण्याचें कारणहि कोणास दिसलें नसेल. तह राजाराजांत व्हावयाचे, असाच तो काळ होता. परंतु ही एक उणीव पुढील सर्व कथेच्या मुळाशीं आहे.

मेळघाटांत राहणाऱ्यांत कोरकू हे मुख्य. त्यांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्याहि कुळांतील नव्हे. ती दूर छोटानागपुराकडील मुंडारी-संथाळीची बहीण असून त्या कुळाची ही अगदीं पश्चिमेकडील शाखा होय. ‘कोरकू’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘माणसें’ एवढाच. त्यांच्याबरोबर गोंड, निहाल व गवळी हेहि या डोंगरांत पूर्वापार राहतात. रानाचा तुकडा तोडून, वाळल्यावर जाळून, राखेंत कुटकी-कोदोसारखें धान्य पेरावयाचें आणि दोन-तीन वर्षांनीं तो तुकडा पुन्हां रान होण्यास सोडून पुढें सरकावयाचें, ही दह्याची शेती त्यांच्या अन्नाचा एक आधार होती. मोह, चारोळी, डिंक, मध व कंदमुळें हा दुसरा. तिसरा आधार मैदानाशीं जोडलेला होता. सातपुड्यांतले घाट राखावयाचे, वाणी-बंजाऱ्यांचे तांडे सुखरूप पलीकडे पोहोंचवावयाचे आणि त्याबद्दल डोंगरांतल्या नाइकांनीं ठरलेला हक्क घ्यावयाचा, अशी जुनी रीत सातपुड्यांत व खानदेशांत जागोजाग होती. मैदानांतले सरकारी कागद या हक्काला कधीं रखवाली म्हणत, कधीं खंडणी, कधीं निव्वळ लूट. तिन्ही शब्द आपापल्या वेळीं खरे असत. हक्क पोहोंचला कीं रखवाली चाले. तो बंद झाला, किंवा पाऊस पडला नाहीं, कीं तींच माणसें रात्रीं पायथ्याच्या गांवांवर उतरत.

आणि १८०३ सालीं दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. फौजांनीं चारा-धान्य खाऊन टाकलें होतें, पाऊस बुडाला होता, व त्या वर्षींचा दुष्काळ वऱ्हाडांत पुढें कित्येक पिढ्या सांगितला गेला. त्याच्या पाठोपाठ पेंढाऱ्यांचा धुमाकूळ चालला तो १८१८ पर्यंत. त्या सालीं नागपूरचें राज्यच कोलमडलें. अप्पासाहेब भोसले कैदेंतून निसटून महादेवाच्या डोंगरांत शिरले, व तेथील गोंड-कोरकूंनीं त्यांना कांहीं महिने आसरा दिला. १८२२ च्या तहानें गाविलगड-नरनाळ्यासह सारा वऱ्हाड निजामाकडे गेला. नकाशावरचा वाद मिटला. रानांतला वाद नकाशावर कधीं नव्हताच.

डोंगर आणि मैदान यांची घडी पुन्हां कशी बसवावी, याचा एक लक्षांत घेण्यासारखा प्रयोग याच सुमारास वऱ्हाडच्या शेजारीं खानदेशांत चालू होता. गाविलगडाच्या वेढ्याच्या वेळीं वेलस्लीबरोबर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नांवाचा एक तरुण अधिकारी होता. पेशवाई बुडाल्यावर दख्खनची व्यवस्था त्याच्याच हातीं आली. खानदेशांत भिल्लांच्या टोळ्यांनीं सातमाळा व सातपुडा दोन्ही अडवून धरले होते. प्रथम पलटणी पाठविण्यांत आल्या. धरपकड झाली, फांशी झाल्या, आणि तापाच्या रानांत शिपाईच अधिक मेले. तेव्हां धोरण बदललें. १८२५ सालीं औट्रम यानें धरणगांवास भिल्लांचीच पलटण उभारण्यास आरंभ केला. कन्नडसारख्या ठिकाणीं भिल्लांसाठीं निराळे अधिकारी नेमून त्यांना पडीत जमिनी, बैल-बियाण्यासाठीं तगाई व जुन्या गुन्ह्यांची माफी देण्यांत आली. गांवोगांवचे राखणदारीचे हक्क तपासून मान्य झाले. या धोरणांत दयेपेक्षां हिशेब अधिक होता, हें उघड आहे. परंतु हिशेब बरोबर होता. ज्याला लुटारू म्हणून संपवितां येत नाहीं, त्याला त्याच्या डोंगराचा राखणदार म्हणून मान्य करणें स्वस्त पडतें. खानदेशचे रस्ते त्यानंतर चालू झाले. या प्रयोगाची मर्यादाहि तेवढीच ठळक आहे: भिल्लाला जमीन मिळाली ती त्यानें रान सोडून खालीं यावें म्हणून. रान कोणाचें, हा प्रश्न तसाच राहिला, कारण १८२५ सालीं रानाला बाजारांत मोल नव्हतें.

तें मोल पुढें चाळीस वर्षांत आलें, आणि वऱ्हाडांत तर धांवत आलें. १८५३ सालीं निजामानें कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. १८५८ सालीं तात्या टोपे नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आले, व त्याच वर्षीं गाविलगडाची तटबंदी निकामी करण्यांत आली. या गडाचें युद्धाशीं असलेलें नातें तेथें संपलें. १८६१ त अमेरिकेंत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. मैदानांतलीं कुरणें व रानें नांगराखालीं गेलीं. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोंचली. रुळांखालीं घालण्यास लांकूड हवें, बांधकामास लांकूड हवें. मध्यप्रांतांत तर ठेकेदारांनीं मागेल त्याहून अधिक झाडें तोडून रानांतच कुजत टाकल्याचीं वर्णनें त्या वेळच्या अधिकाऱ्यांनींच लिहून ठेवलीं आहेत.

अशा वेळीं जंगलखातें आलें. १८६४ सालीं डीट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मेळघाटांतील बैरागड व गुगामळ येथील रानें राखीव झालीं. १८७७ सालीं ब्रँडिसनें वऱ्हाडच्या जंगलव्यवस्थेवर स्वतंत्र सूचना लिहिल्या. वऱ्हाड कायद्यानें निजामाचा मुलूख असल्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचा जंगल कायदा येथें सरळ लागू नव्हता. त्यासाठीं १८८६ चा वऱ्हाड जंगल कायदा निराळा करावा लागला. रानाचे वर्ग पडले: ‘अ’ इमारती लांकडाचें, ‘ब’ गवताचें म्हणजे रमणे, ‘क’ चराईचें. जमीन अशी वर्गाच्या अक्षरानें ओळखण्याची संवय वऱ्हाडांत इतकी मुरली आहे कीं आजहि खेड्यांत गायरानाला ‘ई क्लास’ असेंच म्हणतात.

जंगलखात्याचा न्याय करतांना घाई करूं नये. १८६० नंतर ठेकेदाराची कुऱ्हाड अशीच चालूं दिली असती, तर मेळघाटाचा डोंगर बोडका झाला असता. सिपना, खापरा, खंडू, गडगा व डोलार या नद्या येथून उत्तरेस तापीकडे जातात. सापन, चंद्रभागा, शहानूर, वान या दक्षिणेस उतरून पूर्णेला मिळतात. अचलपूर, अंजनगांव, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतील मनुष्य विहिरीचें व धरणाचें पाणी पितो, तेव्हां त्यांत या राखीव रानाचा वांटा असतो. रान राखणें हें मैदानाच्या हिताचेंच होतें. प्रश्न तें कोणापासून राखावयाचें हा होता. आणि खात्यानें ठेकेदार व कोरकू या दोघांना एकाच रांगेंत उभें केलें. दह्याची शेती राखीव रानांत बंद झाली. गवत, जळण, मोह व बांबू यांचा जो पूर्वीं ‘हक्क’ होता त्याची ‘सवलत’ झाली. हा फरक कागदावर एका शब्दाचा दिसतो. हक्क मोडला तर दाद मागतां येते. सवलत काढून घेतली तर गार्डापुढें हात जोडावे लागतात. पुढें खात्याला तोडीसाठीं, वणवा विझविण्यासाठीं, रस्त्यांसाठीं माणसें पाहिजे होतीं, म्हणून रानांतच ‘वनग्रामें’ वसविण्यांत आलीं. तेथें राहणाऱ्यास कसण्यापुरता तुकडा मिळे, पण तो खात्याच्या कामाच्या अटीवर. ज्या रानांत आजा मालकाच्या तोऱ्यानें फिरला, तेथें नातू मजूर म्हणून राहूं लागला.

वरवर पाहतां शांतता होती. घाट निर्धास्त होते, टपाल वेळेवर जात होतें, चिखलदऱ्याला बंगले उठले होते व कॉफीचे मळे धरले होते. परंतु १९३० सालीं कायदेभंगाची चळवळ मध्यप्रांत-वऱ्हाडांत आली तेव्हां ती येथें मिठापेक्षां गवतावर पेटली. समुद्र कित्येक कोस दूर. पण राखीव रमणा प्रत्येक गांवाच्या शिवेला होता. लोकनायक बापूजी अणे यांनीं जुलैमध्यें पुसद येथें राखीव रानांतील गवत कापून सत्याग्रह केला. मेळघाटाला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यांत गंजनसिंग कोरकू यांच्या पुढारपणाखालीं गोंड-कोरकू हजारोंनीं रानांत उतरले व तेथें गोळीबार झाला. शहरांतल्या सत्याग्रहींना गवताचा विळा हें एक चिन्ह होतें. घोडाडोंगरीच्या कोरकूला तें गवतच हवें होतें.

स्वातंत्र्यानंतर झेंडा बदलला, खात्याचें दप्तर तेंच राहिलें. २२ फेब्रुवारी १९७४ रोजीं मेळघाट हा देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक झाला. १९८७ त गुगामळ राष्ट्रीय उद्यान झालें. वाघ वांचविणें आवश्यक होतें याविषयीं दुमत नको. परंतु वाघासाठीं मोकळी करावयाची जागा पुन्हां त्याच गांवांनीं द्यावयाची होती. या शतकाच्या आरंभीं कुंड, कोहा व बोरी हीं गांवें रानांतून उठवून अकोट भागांत आणून वसविण्यांत आलीं. मागून आणखी कित्येक आलीं. कांहीं कुटुंबांना शाळा, रस्ता, दवाखाना जवळ आला याचें समाधान वाटलें. कांहींना हातांत आलेले पैसे संपल्यावर कसावयास जमीन नाहीं व मोह वेंचावयास रान नाहीं, असा अनुभव आला. जानेवारी २०१९ मध्यें पुनर्वसित गांवांतील बरेच लोक सामानसुमान घेऊन आपल्या जुन्या गांवठाणांकडे परत चालून गेले. केलपाणी-गुल्लरघाट भागांत त्यांची व वनरक्षक-पोलिसांची चकमक झाली, आणि दोन्ही बाजूंस माणसें जखमी झालीं. नरनाळ्याच्याच डोंगरांत, देवगांवच्या तहानंतर दोनशें पंधरा वर्षांनीं.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें आफ्रिकेंत एक तह झाला, त्याची येथें आठवण होते. मोझांबिक देशांत १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी चालली. बंडखोरांचे तळ गोरोंगोसाच्या डोंगरांत व अभयारण्याच्या आसपास होते. दोन्ही बाजूंच्या सैन्यांनीं मांसासाठीं व हस्तिदंतासाठीं तेथील हत्ती, रेडे, झेब्रे जवळजवळ संपविले. १९९२ सालीं रोममध्यें तह झाला, पण कांहीं वर्षांनीं लढाई पुन्हां पेटली. दरम्यान २००४ पासून अभयारण्य उभें करण्याचें काम सुरू झालें होतें, आणि तें करणाऱ्यांनीं भोंवतालच्या खेड्यांना नोकऱ्या, शाळा व आरोग्यसेवा देणें हा रान राखण्याचाच भाग मानला. डोंगरावर बोडक्या झालेल्या उतारांवर लहान शेतकऱ्यांकडून सावलीच्या झाडांखालीं कॉफी लावविण्यांत आली. लढाई चालू असतांनाहि ती लागवड थांबली नाहीं. १ ऑगस्ट २०१९ रोजीं अध्यक्ष व बंडखोरांचा पुढारी यांनीं लढाई थांबविण्याच्या करारावर सह्या केल्या त्या याच अभयारण्यांत. कॉफी चिखलदऱ्यालाहि आली होती. पण ती बंगलेवाल्यांबरोबर आली, खेडुतांबरोबर नव्हे.

मेळघाटांत गांवाशीं प्रथमच बोलणारा कागद २००६ सालीं आला. संसदेनें वनहक्क मान्यतेचा कायदा केला व त्याच्या प्रस्तावनेंत, वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, असें सरकारनें स्वतःच्या तोंडानें नमूद केलें. कायद्याच्या पुस्तकांत अशी कबुली विरळा. या कायद्यानें एकेका कुटुंबाच्या शेताप्रमाणेंच सबंध गांवाचा रानावरचा सामूहिक हक्क, आणि हक्काबरोबर तें रान राखण्याचा अधिकारहि मान्य केला.

अचलपूर तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशीं पायविहीर नांवाचें लहानसें कोरकू गांव आहे. त्याच्या शिवेवरचा डोंगर उघडा पडला होता, पावसाचें पाणी सरळ वाहून जाई आणि दिवाळी झाली कीं घरें कुलुपें लावून मजुरीस बाहेर पडत. २०१२ सालीं या गांवाला सुमारें १९३ हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. लोकांनीं चर खणले, बांध घातले, झाडें लावलीं, चराई कोठें व कधीं बंद ठेवावयाची हें सभेंत बसून ठरविलें आणि पाळीपाळीनें राखण सुरू केली. रोजगार हमीचें काम त्यांनीं दूरच्या रस्त्यावर न मागतां आपल्याच डोंगरावर मागितलें. डोंगरावरचीं सीताफळें पूर्वीं व्यापारी मातीमोलानें नेत. गांवानें तीं एकत्र गोळा करून, निवडून, पेट्यांत भरून मुंबईच्या बाजारापर्यंत पोहोंचविलीं. बाहेर जाणाऱ्यांची संख्या कमी झाली. २०१४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सहाय्यानें दिला जाणारा जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार या गांवास मिळाला. उपातखेडा, खतिजापूर व नयाखेडा हीं आसपासचीं गांवेंहि त्याच वाटेनें गेलीं. हें सर्व पायथ्याच्या रानाचें झालें. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यांत, जेथें वाघ व गांव यांचा खरा पेंच आहे, तेथें असें उत्तर अजून सांपडावयाचें आहे. आणि पायविहीरची गोष्ट तेथें जशीच्या तशी लागू पडेल असें मानणें भोळेपणाचें होईल.

तरीहि या हक्काच्या कागदांतील एक तरतूद गाविलगडाच्या इतिहासाशेजारीं ठेवून पाहण्यासारखी आहे. देवगांवच्या वाटाघाटींत पुरावा म्हणून किल्ले, फौजा व वसुलाचे आंकडे होते. वनहक्काच्या दाव्यांत पुरावा म्हणून जुनीं सरकारी दप्तरें व नकाशे तर चालतातच. पण त्याखेरीज, गांवच्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबहि पुरावा म्हणून मानावा, असें नियमांत स्पष्ट म्हटलें आहे. हा कोणता नाला, त्याचें नांव काय, देवाचें ठाणें कोणत्या झाडाखालीं, गुरें उन्हाळ्यांत कोणत्या झऱ्यावर नेत, मोहाचीं झाडें कोणत्या वाटेवर, हें म्हातारा कोरकू सांगत जातो, आणि ग्रामसभेनें नेमलेला शाळा शिकलेला मुलगा तें मराठींत उतरून घेतो. जबाब संपल्यावर तो वाचून दाखविला जातो. म्हातारा त्याखालीं अंगठा उठवितो, आणि कागद तालुक्याला जातो.